हीट पंप घ्यायचाय, सरकारी मदत कुठून आणि किती? (नाशिकपुरता हिशेब)

गोदाकाठ
इंग्लंड-जर्मनीत हीट पंप (हवेतली उष्णता ओढून थोड्या विजेत पाणी किंवा घर तापवणारं यंत्र) लावणाऱ्या घरांना सरकार मोठी रक्कम देतं, असं वाचनात येतं. आपल्याकडे घरगुती हीट पंपावर थेट अनुदान आहे का? नसेल तर दुसऱ्या कोणत्या वाटेने पैसे वाचवता येतील? दोन ठिकाणांसाठी विचारतोय. एक, गंगापूर रोडवरचा बंगला, पाच माणसं, गच्ची मोकळी. दुसरी, इंदिरानगरातली 24 फ्लॅटची सोसायटी, गच्चीवर जुना सोलर वॉटर हीटर, अर्ध्या नळ्या फुटलेल्या. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

उष्मांक
थेट उत्तर: घरगुती हीट पंपावर आपल्याकडे केंद्राचं अनुदान नाही. दुकानदार 'सबसिडी मिळेल' म्हणत असेल तर कोणत्या योजनेत, पैसे कोणाच्या खात्यात, हे कोटेशनवर लिहून मागा. विषय तिथेच संपतो.

परदेशातले आकडे इथे लावताना एक फरक ध्यानात घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममध्ये 7,500 पाउंड मिळतात. जर्मनीत 30,000 युरोपर्यंतच्या खर्चावर जास्तीत जास्त 70 टक्के. अमेरिकेत 30 टक्के, कमाल 2,000 डॉलरची करसवलत होती, ती 31 डिसेंबर 2025 ला संपली. पण ही मदत मुख्यतः अख्खं घर उबदार ठेवणारा गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर काढून हीट पंप लावण्यासाठी आहे. त्यांचा पंप थंडीचे कित्येक महिने दिवसरात्र चालतो. आपल्याला हवं असतं आंघोळीचं पाणी. यंत्र त्याच तत्त्वाचं, पण वाचणारी वीज फार कमी, त्यामुळे पैसे वसूल व्हायचा हिशेबही निराळा.

आपल्याकडे मदत आहे ती छतावरच्या सोलर पॅनलला, पीएम सूर्यघर योजनेत. म्हणून प्रश्न असा फिरवा: मदत पॅनलवर मिळते, तर हीट पंपाला स्वतःचे पैसे कधी घालायचे आणि कधी नाही? बंगला आणि सोसायटी यांची उत्तरं उलट येतात.

वीजबिल_वाचक
आधी पाण्याचा हिशेब. सूत्र सोपं आहे: लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले 860. येतील तितके युनिट उष्णता लागते.

नाशिकच्या थंडीत टाकीतलं पाणी 20 अंश धरा, आंघोळीचं 42. म्हणजे 22 अंश वाढ. पाच माणसं, प्रत्येकी 20 लिटरची एक बादली, एकूण 100 लिटर. 100 × 22 ÷ 860 = साधारण 2.6 युनिट. साठवणुकीच्या गिझरची गळती धरून 3 ते 3.5. याच घरात सगळे शॉवर घेत असतील तर माणशी 40 लिटर, एकूण 200 लिटर, म्हणजे 5.1 युनिट, गळतीसह 6.

वर्षातले 300 दिवस गरम पाणी धरू. बादलीवाल्या घराला गिझर वर्षाला 900 युनिट खाईल, हीट पंप 350 च्या आसपास. बचत 550 युनिट. शॉवरवाल्या घराचे 1,800 युनिट, हीट पंपाला 650, बचत 1,150. महावितरणच्या 101 ते 300 युनिटच्या टप्प्यात वीज आकार, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क मिळून हिशेबाला 12 रुपये धरले, तर बादलीचं घर वर्षाला 6,600 रुपये वाचवतं आणि शॉवरचं 13,800.

200 लिटरच्या चांगल्या हीट पंपाला बसवणुकीसह लाखाच्या वर जातात. 1,20,000 धरले तर शॉवरच्या घराला साडेआठ-नऊ वर्षं लागतात, बादलीच्या घराला अठरा. यंत्र तोवर टिकेल याची हमी कोणी देत नाही. बादलीने आंघोळ करणाऱ्या घराने हीट पंपाच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत.

गोदाकाठ
बंगल्यात तीन शॉवर, दोन बादल्या. म्हणजे मधलाच हिशेब. मग तेच पैसे पॅनलमध्ये घातले तर?

छतावरचा
तेच करा. नाशिकला 1 किलोवॅट पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतं, म्हणजे वर्षाला 1,400 च्या घरात. तुमच्या गिझरची वर्षाची भूक एवढा एकच किलोवॅट भागवतो, आणि त्यावर मदतही मिळते. गच्ची मोकळी आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज वजावट करून मोजणारा) शक्य असेल तर बंगल्याने आधी पॅनल लावावं, गिझर आहे तो वापरत राहावा. हीट पंपाचा विचार गिझर मोडेल तेव्हा.

योजनेचे आकडे: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000. म्हणजे 3 किलोवॅटला 78,000 आणि ही कमाल. 5 किलोवॅट लावलं तरी 78,000 च. योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली आणि 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे, तेव्हा 'पुढच्या दिवाळीला बघू' म्हणू नका.

आता क्रम. पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर मोबाइल आणि महावितरणचा 12 अंकी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी. 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीसाठी अडून राहावं लागत नाही. मग पोर्टलवरच्या यादीतला विक्रेता निवडायचा, करार, बसवणूक, नेट मीटर, तपासणी, आणि शेवटी बँक खात्याचा तपशील व रद्द केलेला धनादेश. पैसे ग्राहकाच्या खात्यात जमा होतात.

हे सगळं सुरळीत वाटतं, पण अर्ज अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे नाव. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, बँक खातं नातवाचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. पॅनल बसतं, वीज सुरू होते आणि अनुदान अडतं. नोंदणीच्या आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या, नंतर नाही. वारसाहक्काचं असेल तर मृत्यूचा दाखला, मालकीचा पुरावा आणि बाकी वारसांची ना हरकत हाताशी ठेवा.

दुसरी जागा पॅनलची जात. अनुदानाला देशी सेलपासून देशात बनलेलंच पॅनल चालतं, बाजारात त्याला डीसीआर म्हणतात. 'मेड इन इंडिया' छापलेलं पॅनल डीसीआर असेलच असं नाही, कारण आतला सेल बाहेरचा असू शकतो. कोटेशनवर 'डीसीआर' हा शब्द आणि मॉडेल क्रमांक हवा. माल आला की प्रत्येक पॅनलच्या मागचा अनुक्रमांक बिलाशी ताडून बघा, आणि हे पॅनल रचनेवर चढवायच्या आधी करा. नंतर मागे वाकून वाचता येत नाही.

तिसरं, जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या मालावर 12 ऐवजी 5 टक्के. पूर्ण कामाच्या बिलात 70 टक्के माल आणि 30 टक्के सेवा धरतात, सेवेवर 18. म्हणजे एकूण 8.9 टक्के. जुन्या हिशेबाने हेच 13.8 व्हायचं. कोटेशनचा जुना नमुना तसाच पुढे सरकवलेला असेल, तर दोन लाखांच्या कामावर 9,800 रुपये जास्त जातील. सोलर वॉटर हीटरही त्याच 5 टक्क्यांत आला. हीट पंपावर मात्र 18 टक्केच आहे, हे कोटेशनची तुलना करताना विसरू नका.

मखमलाबादकर
छतावरचा, एक पुरवणी. 3 किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय 2 लाखांपर्यंत कर्ज सरकारी बँका देतात, आपला हिस्सा 10 टक्के, व्याज रेपो दराशी जोडलेलं. हे कर्ज पॅनलचं आहे, त्यात हीट पंप बसत नाही. काही विक्रेते दोन्हींचं एकच बिल करून देतो म्हणतात. तसं करू नका, पोर्टलवरची रक्कम आणि बिल जुळणार नाही आणि फाइल परत येईल.

राज्याची 'स्मार्ट' योजना आहे ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिना 100 युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी. केंद्राच्या मदतीवर राज्य आणखी भर घालतं. अशा घरात हीट पंपाचा प्रश्न नाही, पण घरकाम करणाऱ्या मावशींना, वॉचमनकाकांना स्वतःचं पक्कं छत असेल तर त्यांच्यापर्यंत ही माहिती जरूर पोचवा.

सेक्रेटरी_बी_विंग
सोसायटीचं कोणी सांगेल का? आमचंही थोड्याफार फरकाने गोदाकाठ यांच्यासारखंच आहे. सभेत तीन मतं पडलीत: सोलर हीटर दुरुस्त करा, हीट पंप घ्या, किंवा सगळं काढून ज्याचा त्याचा गिझर.

उष्मांक
ताई, सोसायटीत हीट पंपाची बाजू खरोखर भक्कम होते, आणि त्याचं कारण गच्चीची जागा.

24 फ्लॅट, घरी चार माणसं, माणशी 30 लिटर 42 अंशांचं पाणी. एकूण 2,880 लिटर, सूत्राने 74 युनिट उष्णता. पाइपची आणि टाकीची गळती धरून 90. टाकीत पाणी 50 अंशांवर साठवलं आणि वापरताना थंड मिसळलं, तर साठा 2,100 लिटरच्या आसपास लागतो. 15 किलोवॅट उष्णता देणारा हीट पंप सहा तासांत हे काम करतो आणि वीज घेतो साधारण 30 युनिट. म्हणजे महिन्याला 900.

ही 900 युनिट लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्याच्या दिव्यांच्या सामायिक मीटरवर चढली की बिल 500 च्या वरच्या टप्प्यात जातं, आणि तिथे युनिट सर्वांत महाग. नुसता हीट पंप घेतलेल्या सोसायटीत पहिलं बिल आल्यावर भांडणं होतात ती यामुळेच. यंत्रात दोष नसतो, टप्पा बदललेला असतो.

म्हणून पॅनल सोबतच घ्या. 30 युनिटला 8 किलोवॅट पुरतं. नोंदणीकृत सोसायटीला सामायिक सोयींच्या पॅनलवर किलोवॅटला 18,000 मिळतात, घरामागे 3 किलोवॅट आणि एकूण 500 किलोवॅटच्या मर्यादेत. 8 × 18,000 = 1,44,000. किलोवॅटला 100 चौरस फूट धरलं तर 800 चौरस फूट गच्ची लागते, आणि ती जागा जुन्या सोलर हीटरखाली अडकलेली आहे. तो काढला की दोन्ही बसतं. 24 गिझरना पुरेल एवढं पॅनल लावायला लागणारी 2,400 चौरस फूट जागा टाक्या आणि लिफ्टरूम सोडून बहुतेक गच्च्यांवर उरत नाही.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला पॅनलचं उत्पादन निम्म्यावर येतं आणि गरम पाणी तर लागतंच. उलट एप्रिल-मे मध्ये वीज भरपूर, पाण्याची मागणी कमी. नेट मीटर हे मागेपुढे सांभाळून घेतो, वर्षाचा ताळा 31 मार्चला होतो. म्हणून महिन्याचं बिल बघून घाबरू नका, वर्षाचं बघा.

कागदांत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, फ्लॅटची संख्या, सामायिक मीटरचं बिल. ठरावात 'सोलर करावे' एवढंच न लिहिता किलोवॅट, खर्चाची कमाल, पैसे कोणत्या निधीतून आणि सही कोणाची हे लिहा. तीन कोटेशनं जोडा. बँक खातं सोसायटीच्या नावाचंच हवं.

तांब्याची_नळी
उष्मांक यांचा आकडा बरोबर, पण तो जागेवर उतरतो की नाही हे बसवणुकीवर ठरतं. कोटेशनमध्ये हे मुद्दे घालून घ्या, नाहीतर नंतर 'त्याचे वेगळे' ऐकावं लागतं.

हवा. हीट पंप भोवतालच्या हवेतून उष्णता घेतो आणि थंड हवा सोडतो. ड्राय बाल्कनीत काच लावून कोंडला तर तीच थंड हवा परत ओढतो आणि एका युनिटमागे तीन युनिट उष्णता देणारं यंत्र दोनवर येतं. मागे निदान एक फूट, पंख्यासमोर निदान तीन फूट मोकळं. वर पत्र्याची सावली चालेल, चारी बाजूंनी भिंत नको. खाली ठिबकणाऱ्या पाण्याला नळी द्या, पावसाळ्यात ते बादलीभर निघतं आणि स्लॅबवर साचलं की खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते.

वेळ. हीट पंप दुपारी चालवा. डिसेंबरच्या पहाटे नाशिकला पारा 10 च्या आसपास, निफाडकडे त्याहून खाली, आणि त्याच दिवशी दुपारी 27-28. तीच टाकी तापवायला पहाटे दीडपट वीज लागू शकते. टायमर 11 ते 5 लावा. चांगल्या आवरणाची टाकी रात्रभरात तीन-चार अंशच गमावते.

बॅकअप हीटर. बहुतेक यंत्रांत साधी विजेची कॉइल असते. 'ऑटो' मोडवर पाणी जरा थंड वाटलं की ती सुरू होते, आणि मग तुम्ही हीट पंपाच्या किमतीचा गिझर चालवत असता. मोड 'इको' ठेवा, कॉइलला स्वतंत्र एमसीबी (स्विच) द्या आणि तो बंद ठेवा. 'हीट पंप घेऊनही बिल तेवढंच' अशी तक्रार आली की मी आधी हेच बघायला सांगतो.

पाणी. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी त्यामानाने मऊ, पण बोअरचं पाणी मिसळत असेल तर क्षार तपासा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) मीटरचा आकडा पुरत नाही, प्रयोगशाळेतून कठीणपणा मोजून घ्या. क्षार उष्णता देणाऱ्या नळीवर पांढरा थर धरतात, थर अर्धा मिलिमीटर झाला तरी पाणी तापायला वेळ लागतो, कॉम्प्रेसरवर दाब वाढतो आणि यंत्र 'हाय प्रेशर' दाखवून बंद पडतं. फिटर गॅस भरायला सांगेल. गॅस भरू नका, आधी नळी आम्लाने धुवा. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा दरवर्षी काढून बघा, अर्ध्याहून बारीक झाला की बदला. तो संपला की गंज टाकीला लागतो, आणि गंजलेल्या टाकीला वॉरंटी लागू होत नाही.

वीज. घरगुती यंत्राला स्वतंत्र 16 अँपिअरची लाइन, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि अर्थिंग मोजून. 15 किलोवॅटच्या यंत्राला थ्री फेज, त्यात फेज उलटे लागले तर कॉम्प्रेसर उलटा फिरतो, म्हणून फेज रिले हवाच.

आणि एक: घरगुती यंत्र जिन्यातून आडवं आणलं असेल तर दिवसभर उभं ठेवूनच सुरू करा. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत उतरलेलं असतं, ते परत येऊ द्यावं लागतं.

वीजबिल_वाचक
टायमरच्या मुद्द्याला पैशाचीही जोड आहे. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारा) बसलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटला 80 पैशांपासून, पुढच्या वर्षांत 1 रुपयापर्यंत सवलत आहे. पॅनल नसलं तरी दुपारी पाणी तापवणाऱ्याला ती मिळते. गिझरला हे जमत नाही, 15-25 लिटरचं पाणी दुपारी तापवून सकाळपर्यंत टिकत नाही.

सेक्रेटरी_बी_विंग
जुन्या सोलर हीटरची टाकी ठेवता येईल का? 2,000 लिटरची स्टीलची आहे.

तांब्याची_नळी
येईल, आणि मोठी बचत होईल. आधी तीन गोष्टी बघा. रात्री 9 वाजता आणि सकाळी 5 वाजता, पाणी न वापरता, टाकीचं तापमान लिहा. आठ अंशांपेक्षा जास्त पडत असेल तर आतलं फोम भिजलंय, टाकी सोडून द्या. वेल्डच्या रेषेवर तांबूस डाग आहेत का बघा. आणि हीट पंपाला जोडायला खाली-वर दोन वेगळी तोंडं आहेत का ते बघा. थंड पाणी तळातून पंपाकडे जाऊन गरम पाणी टाकीच्या वरच्या भागात परत यायला हवं. एकाच तोंडातून टी लावून जोडलं तर गरम-थंड मिसळतं आणि टाकी अर्धीच तापलेली असताना पंप थांबतो. तापमापकाचा सेन्सर टाकीच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर बसवा. वर बसवला की वरचं पाणी तापल्याबरोबर यंत्र 'झालं' समजून बंद होतं, आणि शेवटून आंघोळ करणाऱ्या फ्लॅटना थंड पाणी मिळतं.

गोदाकाठ
बिलाची वाटणी कशी करतात? सगळ्यांना सारखी लावली तर दोन माणसांची घरं नाराज होतील.

उष्मांक
फ्लॅटमागे गरम पाण्याचा मीटर लावा, साध्या पाण्याचा चालत नाही, 90 अंशांपर्यंत टिकणारा घ्या. मग दोन भाग करा. देखभाल, दांडा, पंख्याची साफसफाई हा स्थिर भाग सगळ्यांना सारखा. वीज आणि उरलेला खर्च लिटरमागे. पाण्याचा मीटर फ्लॅटच्या नळापाशी लिटर मोजतो, पण रिंगलाइनमध्ये (टाकीतून सगळ्या फ्लॅटपर्यंत जाऊन परत टाकीत येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपमध्ये) फिरताना गेलेली उष्णता कोणाच्याच मीटरवर येत नाही, म्हणून ती गळती स्थिर भागात धरा.

आणि ही गळती कमी करणं तुमच्या हातात आहे. परतीचा छोटा पंप 24 तास चालू ठेवला तर पाइप दिवसरात्र गच्ची तापवत बसतो. तो सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी हवा असेल तर तासभर, शिवाय परतीच्या पाइपवर 40 अंशांचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाइप गरम असला की पंप आपोआप थांबतो. प्रत्येक उभ्या लाइनला बॅलन्सिंग व्हॉल्व्ह द्या, नाहीतर जवळच्या विंगला लगेच गरम आणि लांबच्या विंगला दोन बादल्या थंड सोडून द्याव्या लागतात. गच्चीवरच्या पाइपला काळी नायट्राइल रबरची नळी 13 मिलिमीटरची, आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. उघडं रबर नाशिकच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत भेगाळून गळून पडतं. कोटेशनमध्ये पत्रा बहुधा लिहिलेला नसतो, तो आताच लिहून घ्या.

सेक्रेटरी_बी_विंग
रविवारी रात्री 9 चं आणि सोमवारी पहाटे 5 चं तापमान घेऊन इथेच टाकते. बेसमेंटमधल्या सामायिक मीटरचं वर्षभराचं बिलही काढून ठेवलंय. बिल अजून बिल्डरच्या नावावर आहे, तेव्हा नावबदलाचा अर्ज सगळ्यात आधी.